जपानी व्हिस्की चाखायची कशी? आधी लेबल, मग ग्लास

एपिसोड ऐकून झाल्यावर नावं नीट बघायला इथे आला असाल किंवा ऐकण्याऐवजी थेट वाचायलाच आला असाल, दोघांचंही स्वागत. ऐकताना जपानी नावं पटकन निसटतात, म्हणून या एपिसोडचं लेखी रूप जरा सावकाश, मुद्द्यामुद्द्यानं मांडलंय.

आजचा विषय आहे जपानी व्हिस्की. ती चाखायची कशी, दोन बाटल्या एकमेकींशी ताडून बघायच्या कशा. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न: बाटलीत जी आहे, ती जपानी आहे का?

हा प्रश्न उगाच काढलेला नाही. विमानतळावरच्या दुकानात जा. एका फळीवर पाच-सहा बाटल्या असतात, सगळ्यांवर ब्रशनं काढल्यासारखी जपानी अक्षरं, कुठे डोंगर, कुठे चेरीची फुलं. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. आपण काय करतो? फोन काढतो, रेटिंग बघतो, आणि जी 'जपानी' वाटते ती उचलतो. बरीच वर्षं अशी होती की त्या फळीवरच्या एखाद्या बाटलीतला एक थेंबही जपानमध्ये गाळलेला नसला, तरी तिच्यावर 'जपानीज व्हिस्की' लिहायला तिथल्या कायद्याची आडकाठी नव्हती. पैसे तुमचे जाणार आहेत, तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात व्हिस्कीसारखं मद्य प्यायला वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो. आणि तब्येतीच्या दृष्टीनं 'इतकी घेतली तर अगदी सुरक्षित' अशी कुठलीही मात्रा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली स्पष्ट सांगितलंय. जे घेत नाहीत त्यांनी हा एपिसोड ऐकून सुरुवात करावी असा अजिबात हेतू नाही. ज्यांच्या ग्लासात आधीच काहीतरी असतं, त्यांनी कमी घ्यावी, समजून घ्यावी, इतकंच.

एका भट्टीतून निघालेल्या दोन वाटा

चव समजायची तर थोडा इतिहास लागतो. थोडाच, कंटाळू नका.

मासाताका ताकेत्सुरू. हिरोशिमाजवळच्या ताकेहारा गावातल्या, साके बनवणाऱ्या घराण्यातले. १९१८ साली त्यांच्या कंपनीनं त्यांना व्हिस्की शिकायला स्कॉटलंडला पाठवलं. ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्राचे वर्ग आणि मग लाँगमॉर्न, हेझलबर्न अशा डिस्टिलरींमध्ये प्रत्यक्ष काम. वहीत सगळं टिपून घेतलं आणि १९२० साली स्कॉटिश पत्नी रीटाला घेऊन ते जपानला परतले. पण परत आले तेव्हा कंपनीकडे व्हिस्कीत घालायला पैसा उरला नव्हता.

मग त्यांना गाठलं शिंजिरो तोरी यांनी. गोड वाइन विकून पैसा कमावलेला, धंद्याचं नाक असलेला माणूस. तोरींनी १९२३ साली क्योतो आणि ओसाकाच्या मध्ये, तीन नद्या जिथे एकत्र येतात त्या यामाझाकी गावाजवळ डिस्टिलरी बांधायला घेतली. १९२४ साली तिथे गाळायला सुरुवात झाली. भट्टी लावायला अर्थातच ताकेत्सुरू. १९२९ साली पहिली व्हिस्की बाजारात आली, शिरोफुदा, म्हणजे 'पांढरं लेबल'. आणि ती पडली! लोकांना धुराचा वास नको होता.

इथे दोघांचे रस्ते वेगळे व्हायला लागले. ताकेत्सुरूंना स्कॉटलंडसारखी जड, धुरकट व्हिस्की हवी होती. तोरींना जपानी जेवणाबरोबर, जपानी जिभेला चालेल अशी मऊ हवी होती. १९३४ साली ताकेत्सुरू बाहेर पडले आणि पार उत्तरेला, होक्काइदो बेटावर, योइची नावाच्या थंड, समुद्राकाठच्या गावात त्यांनी स्वतःची कंपनी काढली. व्हिस्की मुरायला वर्षं लागतात, म्हणून तोवर सफरचंदाचा रस विकला. त्या रसाच्या कंपनीचं नाव आटून झालं निक्का. तोरींच्या कंपनीचं पुढे झालं सन्टोरी.

जपानी व्हिस्कीच्या मोठ्या नावांपैकी बहुतेक नावं या दोन घरांतली आहेत. यामाझाकी, हाकुशू, चिता, हिबिकी, काकुबिन, तोकी ही सन्टोरीची. योइची, मियागिक्यो, ताकेत्सुरू, फ्रॉम द बॅरल ही निक्काची.

अजून एक मुद्दा लक्षात ठेवा, चाखताना तो कामी येतो. स्कॉटलंडमध्ये कंपन्या एकमेकींना व्हिस्की विकतात, बदलून घेतात. ब्लेंड करायला शेजारच्या डिस्टिलरीचं चार पिंपं घेतलं, आपलं चार दिलं. जपानमध्ये सन्टोरी आणि निक्का यांच्यात असा शेजारधर्म नव्हता. मग ब्लेंडसाठी दहा प्रकारच्या चवी हव्यात तर त्या सगळ्या घरातच बनवायच्या. म्हणून यामाझाकीसारख्या एकाच डिस्टिलरीत वेगवेगळ्या आकारांची भांडी, वेगवेगळी यीस्ट, वेगवेगळ्या लाकडांची पिंपं दिसतात. 'जपानी व्हिस्कीची चव' अशी एक चव नाही, याचं एक मोठं कारण हे.

लेबल वाचायला शिका

आता पैशाचा मुद्दा.

जपानचा मद्यकर कायदा व्हिस्कीच्या बाबतीत फार सैल आहे. त्यानुसार मिश्रणात फक्त १० टक्के खरी व्हिस्की आणि बाकी दुसरं अल्कोहोल असलं तरी त्याला 'व्हिस्की' म्हणता येतं. किती वर्षं मुरवायची, याची किमान अट नाही. ती व्हिस्की जपानमध्येच गाळलेली असावी, असंही नाही. मग काय झालं? जगात मागणी वाढली, माल कमी पडला, आणि काहींनी स्कॉटलंड-कॅनडाहून टँकरनं व्हिस्की मागवून, जपानमध्ये बाटलीत भरून, वर डोंगर-चेरी छापून विकली. बेकायदा काहीच नव्हतं.

२०२१ च्या फेब्रुवारीत जपानच्या मद्य उत्पादकांच्या संघटनेनं स्वतःच नियम जाहीर केले. १ एप्रिल २०२१ पासून ते लागू झाले आणि जुनी लेबलं बदलायला ३१ मार्च २०२४ पर्यंत मुदत दिली. 'जपानीज व्हिस्की' म्हणायचं असेल तर:

- मोड आणून वाळवलेलं धान्य, म्हणजे माल्ट, वापरलंच पाहिजे. त्याच्या जोडीला इतर धान्य चालेल. पाणी जपानमधलंच.
- आंबवणं आणि गाळणं जपानमधल्या डिस्टिलरीतच.
- ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या लाकडी पिंपात, जपानमध्येच, किमान ३ वर्षं मुरवायची.
- बाटलीत भरणंही जपानमध्येच, आणि अल्कोहोल किमान ४० टक्के.

जी व्हिस्की यात बसत नाही, तिच्यावर जपानी गावांची, माणसांची नावं किंवा झेंडा वापरून भास निर्माण करायचा नाही, असंही त्यात आहे.

झकास. पण एक फट राहतेच. हे नियम संघटनेचे आहेत, सरकारचा कायदा नाही. जे सभासद नाहीत त्यांना ते बांधत नाहीत. आपल्याकडचं उदाहरण घ्या. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली जीआय टॅग मिळाला, म्हणजे त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. स्कॉचलाही आहे. २०२१ चे हे नियम मात्र शिस्तीवर चालतात.

म्हणून दुकानात उभं राहून इतकं करा. बाटली फिरवा, मागचं लेबल वाचा. 'डिस्टिल्ड' हा शब्द कुठल्या देशाबरोबर आलाय ते बघा. नुसतं 'बॉटल्ड इन जपान' असेल आणि कुठल्या डिस्टिलरीत गाळली हे कुठेच नसेल, तर सावध. डिस्टिलरीचं नाव नेटवर शोधा. ती खरंच आहे का? कधी सुरू झाली? गेल्या वर्षी सुरू झालेल्या डिस्टिलरीची '१२ वर्षं' मुरलेली व्हिस्की असेल, तर ती नक्कीच दुसऱ्या कुणीतरी गाळलेली आहे.

आणि आपण फार नाकं मुरडू नयेत. भारतात बऱ्याच स्वस्त व्हिस्कींमध्ये उसाच्या मळीपासून काढलेलं अल्कोहोल असतं. युरोपीय युनियनच्या नियमांत व्हिस्की धान्याचीच लागते, त्यामुळे तिथे या बाटल्या 'व्हिस्की' म्हणून विकता येत नाहीत. शिवाय आपल्या दुकानात दिसणारी ओकस्मिथ आठवा. सन्टोरीचे मुख्य ब्लेंडर शिंजी फुकुयो यांनी जुळवलेली, २०१९ साली खास भारतासाठी आणलेली. तिच्यात स्कॉच माल्ट, अमेरिकन बर्बन आणि भारतीय धान्याचं स्पिरिट आहे. हात जपानी, बाटली भारतीय. तिला कुणी 'जपानीज व्हिस्की' म्हणून खपवायला लागला तर हसून पुढे जा.

चाखायची तयारी

आता ग्लास काढू. फार सामान लागत नाही.

ग्लास: खाली फुगीर, वर निमुळता. ट्यूलिपच्या आकाराचा मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचा छोटा ग्लास चालेल. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो, आणि व्हिस्कीची निम्मी गंमत वासातच असते.

माप: एका ग्लासात १५ मिली. अर्धा लहान पेग. चार ग्लास चाखले तरी एकूण एक मोठा पेग होतो, त्याहून जास्त नाही. चाखायला यापेक्षा जास्त लागत नाही, आणि तिसऱ्या पेगनंतर तुलना करणारी जीभ जागेवर नसते.

जोडीला साधं पाणी आणि बिनमसाल्याचं काहीतरी, साधा पाव किंवा खारी नसलेली बिस्किटं. शेव-फरसाण नंतर. आधी अत्तर, डिओ मारू नका आणि खोलीत उदबत्ती लावू नका.

क्रम: हलकीकडून जडकडे. धुरकट व्हिस्की सगळ्यात शेवटी. धूर एकदा जिभेवर बसला की पुढच्या नाजूक ग्लासाची चव लागतच नाही.

आता कृती. नाक ग्लासात खुपसू नका, कडेला धरा, तोंड किंचित उघडं ठेवा. पहिल्या वासाला नुसता अल्कोहोलचा चटका लागेल, तो जाऊ द्या. परत घ्या. मग छोटा घोट, जिभेवर पाच-सहा सेकंद फिरवा, गिळा. आणि मग थांबा. गिळल्यानंतर काय उरतं, किती वेळ उरतं, हेही चवीतच धरायचं. शेवटी पाण्याचे तीन-चार थेंब घालून सगळं परत. पाण्यानं काही वास वर येतात, काही दबतात.

आणि लिहून ठेवा, पण स्वतःच्या शब्दांत. इंग्रजी टेस्टिंग नोट्समध्ये ख्रिसमस केक, हेदर, फज असले शब्द असतात. ज्यानं हेदरचं फूल कधी बघितलंच नाही, त्यानं ते ग्लासात शोधायचं कसं? तुमच्या डोक्यात चंदन आहे, ओला नारळ आहे, चुलीचा धूर आहे, कैरी आहे, गुळाचा पाक आहे, दुधाची खरवड आहे. तेच लिहा. तीन महिन्यांनी वाचल्यावर कळलं पाहिजे, एवढीच अट.

सगळ्यात महत्त्वाचं सूत्र: एका वेळी एकच गोष्ट वेगळी ठेवा. चार वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या वयाच्या, वेगळ्या ताकदीच्या बाटल्या एकत्र चाखल्या तर 'ही आवडली, ती नाही' एवढंच कळतं. का, ते कळत नाही. म्हणून जोड्या लावू.

पहिली जोडी: योइची आणि मियागिक्यो

दोन्ही निक्काच्या, दोन्ही सिंगल माल्ट, दोन्हींवर वय लिहिलेलं नसलेली आवृत्ती घ्या. दोन्ही ४५ टक्के. फरक गाळण्याच्या पद्धतीत.

योइचीत तांब्याच्या भांड्याखाली अजूनही कोळसा पेटवतात. माणूस फावड्यानं कोळसा टाकतो. थेट जाळ लागला की भांड्याच्या तळाशी थोडं करपतं. दुधाच्या पातेल्याला खरवड धरते ना, तसंच. त्या करपण्यातून जड, भाजलेली चव येते. शिवाय भांड्यातून निघणारी नळी खाली उतरती आहे, त्यामुळे जड वाफाही निसटून पुढे जातात.

मियागिक्यो १९६९ सालची, सेन्दाई शहराजवळच्या डोंगराळ खोऱ्यातली. ताकेत्सुरूंनीच जागा निवडली, पण मुद्दाम उलटं केलं. इथे भांडी वाफेनं तापतात, जाळ थेट लागत नाही. भांड्याच्या गळ्याला फुगा आहे, नळी वर चढती आहे. जड वाफ वर चढता चढता थंड होऊन परत खाली पडते, हलकीच तेवढी पुढे जाते.

आधी मियागिक्यो घ्या. सफरचंद, पेअर, थोडी फुलं, मनुका. मग योइची. कोळशाचा धूर, खारट वारा, तेलकट जडपणा, आणि त्याखाली भाजलेल्या धान्याचा गोडवा. दोन्ही ग्लास शेजारी ठेवल्यावर भांड्याखालचा जाळ आणि नळीचा उतार अक्षरशः नाकाला कळतो.

तिसरा ग्लास परवडला तर ताकेत्सुरू प्युअर माल्ट. यात याच दोन डिस्टिलरींचे माल्ट एकत्र केलेत. दोघींमधलं काय काय त्यात सापडतं ते शोधा. हा एक खेळ केलात तरी ब्लेंडिंग म्हणजे काय ते पुस्तक न वाचता समजेल.

दुसरी जोडी: यामाझाकी आणि हाकुशू

दोन्ही सन्टोरीच्या सिंगल माल्ट, दोन्ही ४३ टक्के. वय लिहिलेलं असेल तर दोन्हींचं सारखं घ्या, १२ ला १२. नसेल तर दोन्ही बिनवयाच्या.

हाकुशू १९७३ सालची, यामानाशी प्रांतात, सुमारे ७०० मीटर उंचीवर, जंगलात. तिच्यात हलकासा पीटचा धूर असतो. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याची माती. ती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आलेली बार्ली सुकवतात. हाकुशूत तो धूर लांबून येतो, पाऊस थांबल्यावर डोंगरातल्या एखाद्या घरातून यावा तसा. पुढे पुदिना, हिरवं सफरचंद, काकडी.

यामाझाकी याच्या उलट, गोल आणि फळांची. पीच, अननस, व्हॅनिला, लवंग. आणि मागे, गिळल्यावर, एक वास रेंगाळतो जो आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही: चंदन.

तो येतो मिझुनारा या जपानी ओकच्या लाकडातून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून पिंपं येणं बंद झालं, म्हणून नाइलाजानं हे लाकूड वापरलं. वैताग आणणारं लाकूड. वाकडं वाढतं, सच्छिद्र असल्यानं गळतं, आणि सुरुवातीची काही वर्षं त्यातली व्हिस्की उग्रच लागते. पण वर्षानुवर्षं मुरल्यावर त्यातून चंदन, नारळ आणि देवळातल्या धूपाचा वास यायला लागला. पाश्चात्त्य समीक्षक या वासाला 'पौर्वात्य गूढ' वगैरे म्हणतात. आपल्याला त्यात गूढ काय? आजीच्या देवघराचा वास तो! या एका बाबतीत मराठी नाक इंग्रजी नाकाच्या पुढे आहे, हे विसरू नका.

तिसरी जोडी: हिबिकी हार्मनी आणि फ्रॉम द बॅरल

ही जोडी मुद्दाम. लेबलाचा सगळा मुद्दा इथे कसोटीला लागतो.

हिबिकी हार्मनी हे सन्टोरीचं ब्लेंड. यामाझाकी आणि हाकुशूचे माल्ट, चिताची धान्याची व्हिस्की. २०२१ च्या नियमांत पूर्ण बसते. निक्काची फ्रॉम द बॅरल १९८५ पासूनची, छोट्या चौकोनी बाटलीतली, जगभर नावाजलेली. पण निक्कानं २०२१ साली स्वतःच्या यादीत सरळ जाहीर केलं की ही त्या नियमांत बसत नाही. निक्काकडे १९८९ पासून स्कॉटलंडमधली बेन नेव्हिस डिस्टिलरी आहे, हेही माहीत असू द्या.

चाखताना एक काळजी. हिबिकी ४३ टक्के, फ्रॉम द बॅरल ५१.४ टक्के. जास्त ताकदीची व्हिस्की नेहमी 'भारी' वाटते, म्हणून तुलना फसते. फ्रॉम द बॅरलच्या १५ मिलीत साधारण ३ मिली पाणी घाला, चहाच्या अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त. आता दोन्ही जवळपास ४३ वर आल्या.

शक्य असेल तर मित्राला ग्लास भरायला सांगा आणि कुठला कुठला ते सांगू नको म्हणा. हिबिकीत संत्र्याची साल, मध, गुलाब, अगदी इस्त्री केलेला मऊपणा. फ्रॉम द बॅरलमध्ये टॉफी, लवंग-दालचिनी, भाजलेलं लाकूड, जास्त अंग.

बऱ्याच जणांना नाव न बघता दुसरी जास्त आवडते. मग काय, नियमात न बसणारी व्हिस्की वाईट? अजिबात नाही. परदेशी माल मिसळणं हे पाप नाही. न सांगणं हा प्रश्न आहे. निक्कानं सांगितलं. चिचिबूचे इचिरो अकुतोही त्यांच्या काही बाटल्यांवर 'वर्ल्ड ब्लेंडेड' असं उघड लिहितात. सन्टोरीची 'आओ' तर पाच देशांच्या व्हिस्कींचं मिश्रण म्हणूनच विकली जाते. यांच्याकडून तुम्ही जे विकत घेता ते तुम्हाला माहीत असतं. जी बाटली काहीच सांगत नाही आणि तरी जपानी असल्याचे पैसे मागते, तिथे हात मागे घ्यायचा.

इतकी महाग का?

हा प्रश्न आमच्या इनबॉक्समध्ये दर वेळी येतो.

जपानमध्ये व्हिस्कीचा खप १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शिखरावर होता. मग पंचवीसेक वर्षं घसरतच गेला. कंपन्यांनी गाळणं कमी केलं, काही डिस्टिलरी बंद पडल्या. पुढे २००८ च्या आसपास सन्टोरीनं हायबॉलचा जोरदार प्रचार केला आणि तरुण पोरं परत व्हिस्कीकडे वळली. २०१४ साली ताकेत्सुरू आणि रीटा यांच्यावर बेतलेली 'मासान' ही मालिका टीव्हीवर आली. त्याच वर्षी एका नावाजलेल्या इंग्रजी व्हिस्की मार्गदर्शिकेनं यामाझाकीची एक शेरी कास्क बाटली जगात पहिली ठरवली. सगळं जग एकदम दारात!

पण १२ वर्षांची व्हिस्की हवी तर ती १२ वर्षांपूर्वी गाळलेली असावी लागते. आणि त्या काळात कमी गाळली होती. २०१५ साली निक्कानं योइची आणि मियागिक्योच्या वय लिहिलेल्या बाटल्या थांबवल्या. २०१८ साली सन्टोरीनं हाकुशू १२ आणि हिबिकी १७ थांबवत असल्याचं जाहीर केलं. हाकुशू १२ नंतर परत आली, पण भाव वरच राहिले. एप्रिल २०२४ मध्ये सन्टोरीनं जपानमध्येच यामाझाकी १२ ची शिफारस किंमत १०,००० येनवरून १५,००० येन केली. त्यावर भारतात पोचेपर्यंत कस्टम ड्यूटी आणि राज्याचे कर.

म्हणजे तुम्ही जे पैसे देता त्यात मोठा वाटा तुटवड्याचा आहे. चव तेवढ्या पटीनं वाढत नाही. वयाचा आकडा म्हणजे त्या बाटलीतली सगळ्यात तरुण व्हिस्की तितक्या वर्षांची, एवढाच त्याचा अर्थ. १८ म्हणजे १२ च्या दीडपट चांगली, असं गणित नसतं.

स्वस्तात कसं जमवायचं?

पूर्ण बाटली घेऊ नका. चांगल्या बारमध्ये ३० मिली मागवा आणि दोघांत वाटून घ्या. मित्रांच्या ग्रुपमध्ये चौघांनी एकेक बाटली आणायची ठरवली तर जोड्या आपोआप लागतात. फक्त कोण काय आणणार ते आधी ठरवा, नाहीतर चौघंही तीच घेऊन येतात. आणि गाडी चालवणाऱ्यानं फक्त वास घ्यायचा. निम्मी चव वासातच असते म्हटलं ना, त्याचं अगदीच नुकसान होत नाही.

अजून एक. जपानमध्ये रोजच्या जेवणाबरोबर बहुतेक लोक व्हिस्की कोरी पीत नाहीत. हायबॉल पितात: ग्लासभर बर्फ, एक भाग व्हिस्की, तीन-चार भाग गार सोडा, एकदाच हलकं ढवळायचं. किंवा मिझुवारी, म्हणजे व्हिस्कीत बर्फ आणि दुप्पट-अडीचपट साधं पाणी. त्यामुळे 'पाणी घालून पिणं म्हणजे अपमान' असं कुणी ऐकवलं तर मनावर घेऊ नका. काकुबिन, तोकी यांसारख्या हलक्या ब्लेंड्स हायबॉलमध्ये झकास लागतात. यामाझाकी १२ मात्र सोड्यात बुडवण्याआधी एकदा कोरी चाखा, पैसे कशाचे दिले ते कळेल.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. पुढच्या वेळी दुकानात किंवा बारमध्ये जपानी अक्षरं दिसली की तीन प्रश्न विचारा. कुठे गाळली? कुठे मुरवली? आणि हे बाटली स्वतःहून सांगतेय का? उत्तरं मिळाली तर जोडीतली दुसरी शोधा, पंधरा-पंधरा मिली घ्या, आणि तुमच्या शब्दांत दोन ओळी लिहा. देवघर, चूल, खरवड, कैरी, काहीही चालेल. आम्हाला पाठवा, निवडक नोंदी पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवू.

तोवर सांभाळून राहा, हळू प्या, आणि घरी रिक्षानं जा. भेटू!